गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात मुलांना काय दाखवावे

बडोद्याच्या मुलांना विमानाचे फारसे अप्रूप नाही. हवाई दलाची ॲव्हरो विमाने आपल्या डोक्यावरून वर्षानुवर्षे जात होती. आता त्यांच्या जागी सी-२९५ आले आहे. अशा ५६ विमानांपैकी ४० आपल्याच शहरात बांधायची आहेत आणि त्या कारखान्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. जुन्या मंडळींना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘बडोदा’ हे नाव होते. बडोदा संस्थानाने दिलेल्या देणगीमुळे ते मिळाले होते. ही स्क्वाड्रन स्पिटफायर उडवत असे आणि तिच्या बोधचिन्हावर मुंगूस होते.

पण ही सगळी विमाने जमिनीवरून उडणारी. जहाजावर उतरणारे विमान आपल्याकडे पाहायला मिळत नाही. ते जवळून पाहायचे असेल तर गोव्यात बोगमाळोच्या रस्त्यावर, दाबोळी विमानतळाला लागून असलेल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात जावे. हे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. दरवर्षी सुट्टीत आपल्या मंडळातील कितीतरी कुटुंबे गोव्याला जातात, समुद्रकिनारे आणि मंगेशी-शांतादुर्गा करून परत येतात. त्यांतला एक अर्धा दिवस इथे द्यावा म्हणून हा लेख. बहुतेक लोक विमानांसमोर फोटो काढून वीस मिनिटांत बाहेर पडतात. काय पाहायचे ते आधी माहीत असेल तर दोन तास कमी पडतात.

मुलांना सुरुवातीलाच एक प्रश्न घालावा. विमानतळाची धावपट्टी दोन-अडीच किलोमीटर लांब असते, तर आपली पहिली विमानवाहू नौका विक्रांत जेमतेम २१३ मीटर लांब होती. तीही पाण्यावर हलणारी. मग विमान तिच्यावरून उडायचे कसे आणि उतरायचे कसे? आवारातील जवळजवळ प्रत्येक यंत्र हे या एकाच प्रश्नाचे वेगवेगळे उत्तर आहे.

आधी सी हॉक पाहावे. हे विक्रांतवरचे पहिले जेट लढाऊ विमान. शेपटीखाली वाकून पाहा, तिथे एक मजबूत आकडा दिसेल. जहाजाच्या डेकवर आडवे पोलादी दोर ताणलेले असत. विमान टेकले की हा आकडा त्यांतल्या एखाद्या दोरात अडके आणि विमान थोड्याच अंतरात थांबे. गंमत म्हणजे चाके टेकताच वैमानिक इंजिन कमी करत नाही, उलट पूर्ण जोर लावतो. आकडा दोरात अडकलाच नाही तर पुन्हा हवेत उठता यावे म्हणून. १८ मे १९६१ रोजी विक्रांतच्या डेकवर पहिल्यांदा उतरणारे भारतीय वैमानिक म्हणजे लेफ्टनंट आर. एच. तहिलियानी. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

उडण्यासाठी वाफेच्या जोरावर चालणारी गलोल होती, तिला कॅटापुल्ट म्हणतात. ती विमानाला काही सेकंदांत उडण्याइतका वेग देई. पंखात मध्येच दिसणारा सांधाही दाखवावा. जहाजाच्या पोटात जागा थोडी असते, म्हणून पंख घडी घालून ठेवावे लागत. आणखी एक गोष्ट आमच्या नातवाने शोधली. तो मागे जाऊन म्हणाला, “आजोबा, ह्याला धूर सोडायला भोकच नाही!” खरेच, सी हॉकच्या शेपटीत जेटचे तोंड नाही. इंजिनाची गरम हवा दोन भागांत वाटून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर सोडलेली आहे. त्यामुळे शेपटीकडची जागा इंधनाच्या टाकीला मिळाली.

शेजारचे अलिझे फ्रेंच बनावटीचे, पुढे पंखा असलेले, तीन माणसांचे विमान. त्याचे काम पाणबुड्या हुडकण्याचे. त्याच्या पोटाखाली रडारचा घुमट असतो, तो हवेत गेल्यावर खाली सोडायचा आणि उतरताना आत ओढून घ्यायचा.

आता थोडा हिशेब. जन्मभर बँकेत आकडेमोड केल्यावर हा मोह आवरत नाही. समजा, एखाद्या विमानाला उचलायला ताशी २०० किलोमीटरचा वारा पंखांवरून जावा लागतो. समोरून २० चा वारा आहे आणि जहाज त्या वाऱ्याच्या तोंडाला ४० च्या वेगाने चालले आहे. म्हणजे ६० तर विमान जागेवर उभे असतानाच मिळाले, बाकीचे १४० कॅटापुल्टने आणि इंजिनाने द्यायचे. म्हणून विमाने उडवताना जहाज नेहमी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून जमेल तेवढ्या वेगाने हाकतात. हे समजले की १९७१ ची गोष्ट नीट कळते. युद्धाआधीच विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेला होता. बॉयलर कमी म्हणजे वाफ कमी, वेग कमी आणि डेकवरचा वाराही कमी. हे जहाज युद्धात उतरवावे की नाही, इथपासून शंका होती. तरीही ते बंगालच्या उपसागरात गेले आणि ४ डिसेंबरला त्याच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला. पुढे चितगाव बंदरही त्यांच्या माऱ्यात आले. संग्रहालयात सी हॉकसमोर उभे राहून ही गोष्ट मुलांना सांगावी, पुस्तकात वाचण्यापेक्षा ती जास्त लक्षात राहते.

सी हॅरियरने तोच प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवला. त्याच्या अंगाला दोन्ही बाजूंना मिळून चार फिरणारी नळकांडी आहेत. ती मागे वळवली की विमान पुढे जाते, खाली वळवली की हवेत उभे राहून सरळ खाली उतरते. त्याला ना दोर लागे ना आकडा. पुढे विक्रांतवरचा कॅटापुल्ट काढून टोकाला चढण बांधली, तिच्यावरून धावत येऊन हॅरियर हवेत झेप घेई. २० डिसेंबर १९८३ ला विक्रांतवर पहिले सी हॅरियर उतरवणारे अरुण प्रकाश हेही पुढे नौदलप्रमुख झाले. ही विमाने मे २०१६ मध्ये याच दाबोळीच्या तळावरून निवृत्त झाली.

बाकीची विमाने भरभर पाहिली तरी चालतील. सीलँड हे पाण्यावर आणि धावपट्टीवर दोन्हीकडे उतरणारे, १९५३ मध्ये आलेले नौदलाचे पहिले विमान. फायरफ्लाय मागे निशाण ओढत नेई आणि जहाजावरचे तोफची त्याच्यावर नेम धरून सराव करत. ओढणाऱ्या वैमानिकाच्या धैर्याला दाद द्यावी तेवढी थोडीच. कामोव्ह हेलिकॉप्टरला मात्र एक मिनिट जास्त द्या. त्याच्या शेपटीला छोटा पंखा नाही. एकावर एक दोन मोठे पंखे उलटसुलट फिरतात, त्यामुळे हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरत नाही.

सगळ्यांत मोठे आणि माझ्या मते सगळ्यांत देखणे म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. चार पंख्यांचे, माशासारख्या बाकदार अंगाचे आणि तीन शेपट्यांचे. एकच शेपटी ठेवली असती तर ती इतकी उंच झाली असती की त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेली नसती. ही विमाने आधी एअर इंडियाकडे प्रवासी वाहतुकीला होती, मग हवाई दलाकडे गेली आणि १९७६ मध्ये नौदलाकडे समुद्रावर टेहळणीसाठी आली.

हिशेबाच्या वहीत या सगळ्यांची किंमत घसारा जाऊन कधीच शून्य झाली असेल. पण ती उघड्यावर, समुद्राच्या खाऱ्या हवेत उभी आहेत आणि खारी हवा पत्र्याला सोडत नाही. मोठ्या विमानांवर तरी छप्पर हवे, असे मला फार वाटले. कारण विक्रांतचे काय झाले ते आपण पाहिले आहे. १९९७ ला निवृत्त झाल्यावर ती मुंबईत संग्रहालय म्हणून काही वर्षे उभी होती. शेवटी सुमारे ६० कोटींना भंगारात गेली आणि २०१४ मध्ये तोडली गेली. तिचे थोडे लोखंड एका मोटारसायकलीच्या टाकीत गेले, त्याची जाहिरात आपल्याला आठवत असेल. २०२२ मध्ये नवी विक्रांत आली ही आनंदाची गोष्ट, पण १९७१ चे ते डेक आता कोणाला दाखवता येणार नाही. आतल्या दालनात तिची प्रतिकृती आहे, ती पाहिल्याशिवाय बाहेर पडू नये. तिथेच पाणतीर, पॅराशूट आणि पाणबुड्यांचा आवाज टिपणारी उपकरणेही मांडली आहेत.

जाण्याबद्दल थोडेसे. बडोद्याहून कोकण रेल्वेने मडगावला थेट गाड्या आहेत. विमानाने जाणाऱ्यांनी तिकीट दाबोळीचे की मोपाचे ते नीट पाहावे. मोपा गोव्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. संग्रहालय सोमवारी बंद असते. विमाने उन्हात आहेत, म्हणून आवार सकाळी पाहून घ्यावे आणि दालने नंतर. टोप्या, पाण्याच्या बाटल्या बरोबर हव्यात. गुडघे दुखणाऱ्यांना आवारात फिरायला अडचण नाही, जमीन बरीचशी सपाट आहे. बोगमाळोचा किनारा तिथून जवळ आहे. मुलांना समुद्रात जायचेच असते, तेव्हा संध्याकाळी तिकडे वळता येईल.