दगडी खांब : घडविलेले व घडलेले

वर्धा जिल्ह्यांतील सेलू येथें एका संग्राहक मित्रांनीं आम्हांस यवतमाळ जिल्ह्यांतील शिबला-पारडी येथील पाषाणस्तंभांचें छायाचित्र दाखवून, “हे हेमाडपंती देवालयाचे अवशेष असावेत काय?” अशी पृच्छा केली. हे स्तंभ इ. स. २०२१ मध्यें रस्त्याच्या कामांत उघडे पडले. उत्तर चुकल्यास जें देऊळ कधीं नव्हतेंच, त्याची नोंद टिपणांत कायमची राहील. म्हणून थोडा खुलासा करितों.

हे स्तंभ निसर्गनिर्मित होत. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. जाड थर सावकाश निवतांना आकुंचन पावतो व त्यास भेगा पडतात. त्या पृष्ठभागापासून आंत वाढत गेल्या म्हणजे पंचकोनी, षट्कोनी खांब तयार होतात. मुंबईंत अंधेरी येथील सुमारें २०० फूट उंचीची गिल्बर्ट टेकडी याच जातीची आहे.

शहापूरजवळील माहुलीचे सुळके मात्र निराळे. तेथें ऊन-पावसानें भोंवतालचा डोंगर झिजून टणक भाग तेवढा उभा राहिला. लोक त्यांस नवरा, नवरी, भटोबा म्हणतात. इ. स. १६३६ मध्यें शहाजीराजांस वेढा पडला तो याच माहुलीस. तो वेढा इतिहास होय; सुळक्यांचें लग्न ही लोककल्पना. आमच्याच जिल्ह्यांत गिरड येथें शेख फरीद यांनीं व्यापाऱ्याच्या मालाचे दगड केले, अशी कथा आहे. ते गोटे वस्तुतः लाव्ह्याच्या पोकळ्यांत बनलेलीं खनिजें आहेत. अशा कथा अवश्य टिपाव्या. परंतु त्या लोकमानसाचें साधन आहेत, वास्तूचा पुरावा नव्हेत.

परीक्षा सोपी आहे. घडविलेल्या खांबास टांकीच्या खुणा, तळखडा, सांध्याची खोबण यांपैकीं कांहीं तरी सांपडतें, व त्याच्या बाजू मापून पाडलेल्या असतात. निसर्गाच्या खांबास कोठें पांच, कोठें सहा, कोठें सात बाजू असतात, आणि मूळ जागीं प्रत्येक बाजू शेजारच्या खांबाशीं जुळलेली असते.

तथापि “मानवकृत नाहीं” म्हणून त्यांची उपेक्षा करूं नये. गिल्बर्ट टेकडीच्या भोंवतालचा पाषाण खाणकामांत गेला. उरलेल्या भागास इ. स. २००७ मध्यें वारसास्थळाचा दर्जा मिळाला. पोथी जीर्ण झाली तर तिची नक्कल करितां येते. फोडलेल्या खांबाची येत नाहीं. यास्तव असे खांब आढळल्यास स्थळ, बाजूंची संख्या व लोकांत चालणारें नांव टिपावें, आणि दगड जागचा हलवूं नये, ही विनंति.