कुंपणाआडचें तारानगर

आकाशांत जावयाचें झालें तरी त्याची तयारी जमिनीवरच करावी लागते. ज्यास पोहावयास शिकावयाचें तो विहिरींत उतरतो, ज्यास घोड्यावर बसावयाचें तो पागेकडे जातो. परंतु ज्यास पृथ्वीच सोडून जावयाचें त्यानें शिकावें तरी कोठें? ह्या प्रश्नाचें उत्तर म्हणून रशियांत एक सबंध गांव वसविण्यांत आलें. त्या गांवाची हकीकत, तेथील शिक्षणाची रीति आणि त्याच्या कुंपणामुळें झालेला लाभ व हानि यांचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्याचाही ह्या विचाराशीं जवळचा संबंध आहे, तो लेखाच्या शेवटीं वाचकांच्या ध्यानांत येईल.

मॉस्को शहराच्या ईशान्येस सुमारें २५ किलोमीटरांवर पाइन व बर्च वृक्षांचें दाट रान आहे. इ. स. १९६० च्या जानेवारींत सोव्हिएट सरकारनें अंतराळवीरांच्या शिक्षणासाठीं एक केंद्र स्थापन केलें व त्याचें ठाणें ह्या रानांत घातलें. केंद्राच्या आश्रयानें जें गांव वाढलें त्यास रशियन भाषेंत ‘झ्व्योज्द्नी गोरोदोक’ म्हणतात; आपण त्यास तारानगर म्हणूं. अंतराळवीर, त्यांचे शिक्षक, वैद्य, यंत्रज्ञ व ह्या सर्वांचीं कुटुंबें तेथें राहतात. मुलांसाठीं शाळा आहे, दुकानें आहेत, सभागृह आहे. एका बाजूस तळें आहे. इतर गांवांहून वेगळें इतकेंच कीं, भोंवतीं कुंपण व वेशीवर पहारा असून परवान्यावांचून कोणासही आंत पाऊल टाकतां येत नाहीं. प्रथम अनेक वर्षें तर बाहेरच्या जगास ह्या गांवाचा ठावठिकाणाही सांगण्यांत येत नसे. १२ एप्रिल १९६१ रोजीं १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला जगांतील पहिला अंतराळवीर यूरी गागारिन हा येथलाच. १९६८ सालीं विमानाच्या अपघातांत त्याचा अंत झाल्यावर केंद्रास त्याचेंच नांव देण्यांत आलें.

आतां तेथें शिकवितात तरी काय, तें पाहूं. यान वेगानें वर चढतांना व परत येतांना माणसास आपलें शरीर कित्येक पट जड झाल्याचा अनुभव येतो. त्याची संवय व्हावी म्हणून १८ मीटर लांबीच्या लोखंडी भुजेच्या टोकास एक कोठडी बसविली आहे. कोठडींत शिकाऊ मनुष्यास बसवून ती भुजा गरगर फिरवितात. आपल्याकडील शेतकरी पांखरें हांकण्यासाठीं गोफण फिरवितो, तेव्हां दगड गोफणीस ताणून धरतो. तसाच ताण त्या माणसाच्या सर्वांगावर पडतो. त्याचें वजन आठपट झाल्यासारखें वाटतें, छाती दडपते, हात उचलणें कठीण होतें. आणि तशा स्थितींतही त्यास प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात.

ह्याच्या उलट अनुभव म्हणजे वजन नाहींसें होण्याचा. त्यासाठीं १९८० सालीं १२ मीटर खोलीचा एक मोठा हौद बांधण्यांत आला. अंतराळांतील पोशाख घालून माणूस पाण्यांत उतरतो. त्याच्या अंगास वजनें अशा बेतानें बांधतात कीं तो तरंगूं नये आणि बुडूंही नये. त्या स्थितींत तो यानाच्या प्रतिकृतीवर दुरुस्तीचीं कामें शिकतो. खरी वजनरहित अवस्था अनुभवावयाची तर मोठ्या विमानांतून डोंगराच्या आकाराचें उड्डाण करावें लागतें. त्यांतही ती एका खेपेस सुमारें २५ सेकंदच टिकते. शिवाय हिंवाळ्यांत बर्फाच्छादित रानांत तिघांनीं मिळून दोन-तीन दिवस काढावयाचे, असाही एक धडा असतो. त्याचें कारण अनुभवाचें आहे. मार्च १९६५ मध्यें बेल्यायेव्ह व लिओनोव्ह ह्यांचें यान ठरल्या जागीं न उतरतां उरल पर्वताकडील अरण्यांत उतरलें व त्या दोघांस बर्फांत दोन रात्री काढाव्या लागल्या. संकटांतून जें शिकावयास मिळालें तें पुढच्यांसाठीं पाठ्यक्रमांत घालणें हेंच शहाणपण होय.

परंतु एका संकटाचा धडा असा कुलुपांत राहिला, आणि तीच गोष्ट आम्हांस विशेष सांगावयाची आहे. पहिल्या तुकडींत व्हालेंतिन बोंदारेंको नांवाचा २४ वर्षांचा एक वैमानिक होता. एकान्तवास सहन करण्याच्या परीक्षेसाठीं त्यास मॉस्को येथें एका बंद खोलींत ठेविलें होतें. तींतील हवेंत प्राणवायूचें प्रमाण फार होतें. २३ मार्च १९६१ रोजीं त्यानें अंगास लावलेलीं यंत्रांचीं टोंकें काढून त्वचा मद्यार्काच्या कापसानें पुसली व तो कापूस सहज टाकिला. कापूस विजेच्या शेगडीवर पडला आणि क्षणांत सगळी खोली पेटली. त्याच दिवशीं तो मरण पावला. गागारिनचें उड्डाण त्यानंतर अवघ्या २० दिवसांनीं झालें. त्याचा जयजयकार जगभर झाला, परंतु बोंदारेंकोचें मरण जगास कळावयास १९८६ साल उजाडावें लागलें.

मध्यंतरीं, २७ जानेवारी १९६७ रोजीं, अमेरिकेंत तीन अंतराळवीर जमिनीवरच चांचणी चालू असतां शुद्ध प्राणवायूनें भरलेल्या यानांत आग लागून मृत्यु पावले. पहिली बातमी वेळीं कळली असती तर हे तिघे वांचले असते, असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. प्राणवायूचा धोका अमेरिकन जाणकारांस अगदींच अज्ञात होता असें नाहीं. परंतु एवढें खचित कीं, एका तरुणानें प्राणांचें मोल देऊन मिळविलेला इशारा दुसऱ्यांच्या उपयोगीं पडण्याची संधीच कुंपणानें नाहींशी केली. कुंपणानें शत्रूपासून गुपित राखलें जातें. पण अग्नि हा सर्वांचाच शत्रु, आणि त्याच्यापुढें गुपिताचा कांहींएक उपयोग होत नाहीं.

पुढें कुंपणाची वेस हळूहळू उघडूं लागली. दोन्ही देशांचीं यानें आकाशांत जोडावयाचीं ठरल्यामुळें १९७३ सालीं अमेरिकन अंतराळवीर तारानगरांत शिकावयास आले, आणि १७ जुलै १९७५ रोजीं ती भेट घडून आली. त्यानंतर आपल्या वायुदलाचे राकेश शर्मा व रवीश मल्होत्रा ह्यांनीं तेथें रशियन भाषेसह सर्व शिक्षण घेतलें. ३ एप्रिल १९८४ रोजीं शर्मा अंतराळांत गेले. मल्होत्रांनीं तितकेच श्रम केले, परंतु राखीव म्हणून ते पृथ्वीवरच राहिले. त्यांचें स्मरण न करणें कृतघ्नपणाचें होईल. फेब्रुवारी २०२० पासून वर्षभर आपले आणखी चार वैमानिक तेथें शिकले. त्यांपैकीं शुभांशु शुक्ला हे जून २०२५ मध्यें अमेरिका, पोलंड व हंगेरी येथील सोबत्यांसह आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले. तारानगराभोंवतीं कुंपण आजही आहे, परंतु आंतील विद्या आतां एकट्या रशियाची राहिलेली नाहीं.

आतां आपल्या लोणारकडे वळूं. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें व १५० मीटर खोल असें हें विवर काळ्या कातळांत पडलेलें आहे. तें ज्वालामुखीचें असावें असें पुष्कळांस पूर्वीं वाटे. भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं मिळून तळ्याच्या तळाशीं भोंकें पाडलीं, आंतील दगड तपासले, आणि प्रचंड आघातावांचून न होणारे फरक त्यांत दाखवून दिले. चंद्रावरून आणलेल्या दगडांशीं त्यांचें साम्य आढळलें. हा शोध त्यांनीं १९७३ सालीं, म्हणजे अमेरिकन पाहुणे तारानगराच्या वेशींतून आंत गेले त्याच वर्षीं, सर्वांस वाचतां येईल अशा रीतीनें प्रसिद्ध केला. तेव्हांपासून चंद्र व मंगळ ह्यांवरील विवरें समजून घेण्यासाठीं देशोदेशींचे अभ्यासक मेहकर-लोणारच्या वाटेनें येत आले आहेत.

आपल्या जिल्ह्यांत अंतराळवीरांचें नगर नाहीं. परंतु आकाशानें स्वतः मांडून ठेविलेला एक धडा आहे. तो वाचावयास गोफणीसारखें यंत्र लागत नाहीं, कीं गुपित राखण्याची शपथही लागत नाहीं. पाहणारे डोळे, नीट टिपणारी वही आणि आढळलेलें दुसऱ्यास सांगण्याची वृत्ति, एवढें पुरे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी उद्यां आकाशांत जावो वा न जावो, प्रयोगशाळेंत फुटलेली नळी अथवा वहींत चुकलेलें गणित त्यांनीं लपवूं नये. आपली चूक सांगितल्यानें आपण लहान होत नाहीं. ती झांकल्यानें मात्र मागून येणाऱ्याचा पाय त्याच खड्ड्यांत पडतो.