एका पाण्यांतील शेजारी

घरांत काचेची टांकी आणावयाची असें एकदां ठरलें, कीं मासे कोणते घ्यावयाचे याविषयीं प्रत्येकाचें मत तयार असतें. धाकटीला निळ्या-तांबड्या झळाळीचे निऑन टेट्रा हवे असतात, तिच्या भावाला पट्टेदार टायगर बार्ब, आजोबांना सोनेरी मासा, आणि गृहिणीला लांब परांचा, संथपणें मिरवणारा एंजल. दुकानांत हे सर्व शेजारशेजारच्या टांक्यांत दिसतात, म्हणून एका टांकींतहि ते सुखानें नांदतील असें आपण गृहीत धरतों. महिनाभरानें निम्मेच उरले, म्हणजे मासे भांडकुदळ निघाले असें म्हणून मोकळे होतों. माझें म्हणणें असें कीं, यांत माशांच्या स्वभावाचा दोष थोडा आणि आपल्या निवडीचा फार. मासा हा दुसऱ्या माशाचा शेजारी नंतर होतो; प्रथम तो पाण्याचा रहिवासी असतो.

बंद पात्रांतील पाणी राहण्याजोगें कसें ठेवावें, हा प्रश्न लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं १८४९ सालीं हातीं घेतला. सुमारें बारा गॅलनांच्या पात्रांत त्यांनीं दोन लहान सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या पानांची पाणवनस्पति ठेवली. कांहीं काळानें जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यांनीं तळ्यांतील गोगलगाई त्यांत सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें फस्त केलीं आणि पाणी पुन्हा निवळलें.

परंतु टांकींत आणखी एक रहिवासी असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाहीं. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो, आणि तो त्याला स्वतःलाच विषारी असतो. एका प्रकारचे सूक्ष्म जंतू त्याचें नायट्राइट करतात, तेंहि विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जंतू त्यापासून नायट्रेट बनवतात. तें मात्र बेताच्या प्रमाणांत मासे सोसतात, आणि वनस्पति तर त्यावर पोसल्या जातात. या जंतूंचें कार्य सर्जी विनोग्राड्स्की यांनीं १८९० सालाच्या सुमारास उघड करून दाखविलें. नव्या टांकींत ते पुरेसे वाढावयास साधारणपणें चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र सकाळीं टांकी भरतों आणि संध्याकाळीं वीस मासे सोडतों! पहिल्या पंधरवड्यांत दगावणारे मासे बहुधा शेजाऱ्याच्या जाचानें मरत नाहींत, या विषानें मरतात. म्हणून प्रारंभीं दोन-तीन काटक मासे आणि चिमूटभर खाद्य एवढ्यावरच भागवावें. मासे मुळींच न सोडतां मोजून अमोनिया घालूनहि टांकी तयार करतां येते. ती रीत अधिक दयेची. अमोनिया मोजण्याचें साहित्य दुकानांत मिळतें, तें एंजलच्या आधीं विकत घ्यावें. गाळणीचा स्पंज नळाखालीं धुण्याचा मोह अनेकांना आवरत नाहीं; नळाच्या पाण्यांतील क्लोरिन हे उपकारक जंतूच मारून टाकतें. तो टांकींतून काढलेल्या पाण्यांतच पिळावा.

आतां पाण्याच्या जातीकडे वळूं. साबणाला चटकन् फेस येतो तें हलकें पाणी, येत नाहीं तें जड, एवढें आपल्याला स्वयंपाकघरांतूनच ठाऊक असतें. तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांतून मुंबईला येणारें पाणी हलकें. दख्खनच्या पठारावरील पुष्कळ विहिरींचें जड. निऑन हा ॲमेझॉनच्या वरच्या अंगाच्या मंद प्रवाहांतला, हलक्या आणि किंचित् आम्लधर्मी पाण्याचा मासा. गप्पीला जड पाणी मानवतें. सोनेरी माशाला गारवा आवडतो. शिवाय तो खातो फार, घाण करतो फार, आणि वीतभर वाढूं शकतो. या तिघांना एकत्र ठेवणें म्हणजे निदान एकाला तरी जन्मभर परक्या हवेंत ठेवणें होय. असा मासा लगेच मरत नाहीं. त्याचे रंग फिके पडतात, तो कोपरा धरून बसतो, आणि पहिल्याच रोगाला बळी पडतो.

मला स्वतःला एक सोपी वाट आवडते. १८२२ सालीं फ्रान्सिस हॅमिल्टन यांचा गंगेंतील माशांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत वर्णिलेले तीन मासे आज जगभरच्या टांक्यांतून आढळतात: झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब आणि ड्वार्फ गुरामी. तिघेहि आपल्याच उपखंडाचे. पाण्याविषयीं त्यांचें एकमेकांशीं फारसें वांकडें येत नाहीं. झेब्रा वरच्या थरांत अखंड धांवत असतो, बार्ब मध्यें आणि तळाशीं चरतो, आणि गुरामी तरंगत्या पानांच्या आडोशाला राहून अधूनमधून पृष्ठभागावरची हवा घेतो. त्याला तसें इंद्रियच आहे. गुरामीचे दोन नर मात्र एकत्र ठेवूं नयेत. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टांकींत सुमारें सव्वाशे लिटर पाणी मावतें. तींत आठ झेब्रा, सहा बार्ब आणि गुरामीची एक जोडी इतकी वस्ती पुरे. वाळू-दगड धरून ही टांकी दीडशे किलोंच्या घरांत जाते, तेव्हां मेज कोणतें हेंहि आधीं पाहावें.

एक चूक मीं स्वतः केलेली सांगतों. माझ्या टांकींत बारा निऑन होते. त्यांत रुपयाएवढे दोन एंजल आणून सोडले, आणि सात महिने सर्व आलबेल होतें. पुढें निऑन एकेक करून नाहींसे होऊं लागले. प्रेत कोठें सांपडेना. मीं पाणी तपासलें, औषध घातलें, दुकानदारालाहि मनांतल्या मनांत दूषणें दिलीं. शेवटीं एका पहाटे दिवा न लावतां टांकीपुढें बसलों, तेव्हां उलगडा झाला. एंजल आतां हाताच्या तळव्याएवढे झाले होते. निऑन त्यांच्या तोंडांत मावत होता. ॲमेझॉनच्या खोऱ्यांत असल्याच लहान माशांवर ते जगतात. पाणी दोघांचें एकच होतें, आणि तेवढ्यावरच मी निश्चिंत राहिलों होतों. मासा विकत घेतांना त्याचें आजचें माप घ्यावयाचें नसतें, पूर्ण वाढ झाल्यावरचें घ्यावयाचें असतें.

टायगर बार्बची गोष्ट निराळी. दोनतीनच आणले तर ते दुसऱ्यांचे लांब पर कुरतडीत हिंडतात. आठदहांचा थवा असला कीं त्यांची मारामारी बहुतेक आपसांतच चालते. तरीहि त्यांच्याबरोबर एंजल, गुरामी किंवा सियामचा लढाऊ मासा मीं ठेवणार नाहीं. नवा मासा कोणताहि असो, तो दोनतीन आठवडे वेगळ्या भांड्यांत ठेवून मगच वस्तींत घ्यावा.

राहतां राहिला तो काचेवरचें शेवाळ चाटणारा, हाडांच्या पट्ट्यांचें चिलखत ल्यालेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासा. दुकानांत तो बोटाएवढा असतो आणि "टांकी साफ ठेवतो" म्हणून हौसेनें दिला जातो. त्याच्यांतील पुष्कळ जाति फूटभर वाढतात. मग घरांत अडचण होते, मारवत नाहीं, आणि कोणी तरी दयाबुद्धीनें त्याला नदींत सोडून येतो. उजनीच्या जलाशयांत आज हा मासा मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो, आपल्या कणखर कांट्यांनीं तीं जाळीं फाडतो, आणि बाजारांत त्याला भाव नाहीं. टांकींत न मावणारा मासा दुकानदाराला परत द्यावा, नाहीं तर मोठी टांकी असलेल्या माणसाच्या स्वाधीन करावा. नदींत, तळ्यांत किंवा विहिरींत मात्र तो कदापि सोडूं नये.