कोणतं विमान आहे, हेही विचारा

दादरला तिकिटांचं ऑफिस चालवताना समोर बसणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात: भाडं किती, बॅग किती किलो, जेवण मिळतं का. विमान कोणतं, हे क्वचितच कुणी विचारतं. मी ते आपणहून सांगते, कारण अमेरिकेला मुलाकडे निघालेल्या आजी-आजोबांचे गुडघे, कान आणि झोप बरीचशी त्यावरच अवलंबून असते. बुकिंगच्या पडद्यावर प्रत्येक उड्डाणापुढे तीन अक्षरी कोड असतो. तो वाचायचा.

‘३२एन’ म्हणजे एअरबस ए३२० निओ. देशातल्या देशात फिरणाऱ्यांना बहुतेक वेळा या कुटुंबातलंच विमान मिळतं. इंडिगोचा बहुतेक डोलारा त्यावर उभा आहे. ए३२० सेवेत आलं १९८८ मध्ये, त्याचं प्रतिस्पर्धी बोईंग ७३७ त्याआधी वीस वर्षं, १९६८ मध्ये. दोन्हींत मधे एक वाट आणि दोन्हीकडे तीन-तीन खुर्च्या. मात्र ए३२०ची केबिन आतून ३.७० मीटर रुंद, तर ७३७ची ३.५४. सहा जणांत वाटला तर फरक बोटभराचा, पण मधल्या खुर्चीत बसणाऱ्याला तो जाणवतो. बऱ्याच ७३७ विमानांत पंखाच्या आसपास डावीकडे ‘खिडकीची’ म्हणून मिळणारी एक जागा असते, जिथे खिडकीच नसते. पोटातल्या यंत्राची थंड हवा छताकडे नेणारा नळ तिथल्या भिंतीतून जातो. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या मुलाच्या वाट्याला ती येऊ नये म्हणून मी जागांचा नकाशा दोनदा बघते.

माझं सगळ्यात लाडकं विमान मात्र ‘एटी७’, म्हणजे एटीआर ७२. सत्तर-पंचाहत्तर माणसांचं, दोन पंख्यांचं. जळगाव, सिंधुदुर्ग अशा ठिकाणी तेच उतरतं. गोव्याची फ्लाय९१ तर हीच विमानं घेऊन २०२४ मध्ये सुरू झाली. यात चढायचं मागच्या दारातून, कारण पुढे सामानाचा कप्पा असतो. दोन-दोन खुर्च्या, त्यामुळे मधली जागा हा प्रकारच नाही. पंख छताच्या पातळीवर असल्याने खालचं सगळं मोकळं दिसतं आणि उड्डाणही जेटपेक्षा बरंच खालून. पावसाळ्यानंतर कोकणावरून जाताना ढग नसले, तर खाड्या एकेक करून ओळखता येतात. पंख्यांचा आवाज पुढच्या भागात जास्त, म्हणून मागची रांग मागा. वरचे कप्पे छोटे असतात. चाकांची बॅग बहुधा शिडीपाशीच काढून घेतात, तेव्हा औषधं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

लांबच्या प्रवासाचा विचार वेगळा. ‘७८८’ आणि ‘७८९’ म्हणजे बोईंग ७८७ ड्रीमलायनर. वजनाने याचा निम्मा सांगाडा कार्बन तंतूंच्या मिश्र पदार्थाचा आहे. तो जास्त दाब सोसतो आणि गंजत नाही, त्यामुळे आतली हवा थोडी दमट ठेवता येते. जुन्या विमानांत केबिनमधला दाब ८,००० फुटांपर्यंतच्या उंचीवर असतो तसा, म्हणजे शिमल्याहूनही वरचा. इथे तो ६,००० फुटांच्या आसपास, कळसूबाईच्या माथ्याहून थोडाच वर. घसा कमी सुकतो, डोकं कमी जड होतं. खिडकीला खाली ओढायचं झाकण नाही. तिच्याखालचं बटण दाबलं की काच हळूहळू गडद निळी होत जाते, तरी बाहेरचं अंधुक दिसत राहतं.

‘३५९’ म्हणजे एअरबस ए३५०. भारतीय कंपन्यांत एअर इंडियाने ते पहिल्यांदा, जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आणलं. खुर्च्या ड्रीमलायनरसारख्याच तीन-तीन-तीन, पण केबिन किंचित रुंद. ‘७७डब्ल्यू’, म्हणजे बोईंग ७७७, मध्ये आता बहुतेक कंपन्या तीन-चार-तीन मांडतात. ज्येष्ठांना मी तिथे वाटेकडेची जागाच देते. रात्री दोघांना उठवून बाथरूमला जाणं फार अवघड पडतं.

हल्ली एक प्रश्न मात्र लोक विचारतात: हे विमान सुरक्षित आहे ना? तो विचारायलाच हवा. २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेल्यावर ७३७ मॅक्स जगभर जमिनीवर ठेवलं गेलं आणि नियंत्रणप्रणालीत बदल करूनच पुन्हा उडालं. १२ जून २०२५ ला अहमदाबादला ७८७ पडलं आणि २६० जण गेले. या प्रकाराचं विमान २०११ पासून सेवेत आहे. त्याचा हा पहिला जीवघेणा अपघात. एवढं सांगूनही कुणाला दुसऱ्याच विमानाने जायचं असेल, तर मी वाद न घालता तसं तिकीट शोधून देते.

शेवटचं एक. कंपनी आयत्या वेळी विमान बदलू शकते, आणि त्याबरोबर तुमची निवडलेली जागाही. चेक-इन सुरू झालं की कोड पुन्हा बघा आणि जागा हलली असेल, तर लगेच दुसरी मागून घ्या.