दुचाकीचें तेल आणि प्लग: घरच्या घरीं

भिंगारनजीकचें रणगाड्यांचें संग्रहालय १९९४ सालीं उघडलें. तेथील पोलादी धुडें पाहतांना मनांत येतें, कीं एवढीं बलाढ्य यंत्रेंही चाललीं तीं वेळच्या वेळीं बदललेल्या तेलावरच. आपल्या दाराशीं उभ्या असलेल्या दुचाकीचा धर्म याहून निराळा नाहीं. संस्कृतांत 'स्नेह' म्हणजे प्रीति आणि तेलही. यंत्राला दुसऱ्या अर्थाचा स्नेह हवा.

हें काम घरीं करतां येतें. मात्र आधीं जागा पाहावी. देवघरांतील समई, स्वयंपाकघरांतील शेगडी आणि खेळतीं मुलें यांपासून दूर, उघड्या अंगणांत गाडी डबल स्टँडवर उभी करावी. बंद पडवींत इंजिन चालवूं नये. धुरांतील विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

प्रथम प्लग, तोही इंजिन पुरतें थंड असतां. तापलेले आटे सहज बिघडतात. टोपी धरून ओढावी, तार ओढूं नये. भोंवतालची धूळ पुसूनच प्लग काढावा. टोंक फिकट तपकिरी असल्यास इंजिनाची प्रकृति उत्तम. कोरडी काजळी दिसल्यास एअर फिल्टर तपासावा. तेलकट ओल असल्यास गाडी कारागिरास दाखवावी. पुस्तिकेंतील क्रमांकाचाच नवा प्लग हातानें फिरवून बसवावा. टेकल्यावर पान्यानें सुमारें अर्धा वेढा पुरे.

मग इंजिन दोन-तीन मिनिटें चालवून बंद करावें. कोमट तेल गाळासह सहज उतरतें. हातमोजे घालून खालचा बोल्ट काढावा, वॉशर नवें घालावें, आणि पुस्तिकेंत सांगितलें तेवढेंच तेल ओतावें. मोटारीचें तेल वापरूं नये. गिअरच्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलांत बुडालेला असतो व अयोग्य तेलानें तो घसरूं लागतो. डब्यावर 'जासो एम-ए' ही खूण पाहावी.

खरी कसोटी यापुढें. जुनें तेल गटारांत वा झाडाच्या मुळाशीं ओतल्यास तें पाण्यास बाधतें. वाळवीसाठीं लाकडास फांसण्याची चालही सोडावी, कारण त्यांत कर्करोगास कारण होणारीं द्रव्यें असतात. २०१६ च्या नियमांनीं तें घातक कचऱ्यांत गणलें आहे. पाण्याच्या बाटलींत तें कधींही भरूं नये, मुलें फसतात. झांकणाच्या डब्यावर नांव लिहून तो जुनें तेल जमा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावा. आपल्या गाडीचा स्नेह शेजाऱ्याच्या घागरींत उतरूं नये, एवढी दक्षता प्रत्येक घरानें घेतलीच पाहिजे.