चेतकच्या प्लगवरची काजळी

आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून बाहेर पडलेली बजाज चेतक ज्या घरात होती, तिथे प्लग पाना कुठे ठेवलाय हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असे. किक मारून पाय दुखले की प्लग काढायचा, काजळी पुसायची, पॉलिश पेपर फिरवायचा आणि पुन्हा बसवायचा. यातल्या बऱ्याच स्कूटर आजही धावतात, काही तर नव्यानं हौसेनं सजवल्या जातात. अशा गाडीसाठी आता दुकानात इरिडियमच्या टोकाचे महाग प्लग मिळतात. ‘हा टाका, पिकअप वाढेल’ असा सल्लाही त्यासोबत मिळतो. तो घेण्याआधी प्लग नेमकं काय करतो हे समजून घेतलेलं बरं.

पिस्टननं दाबलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणात ठिणगी टाकायची, एवढंच त्याचं काम. टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ५००० फेरे फिरत असेल, तर तेवढ्याच ठिणग्या पडतात. ताकद येते ती पेट्रोलच्या जळण्यातून. मिश्रण दर वेळी पेटत असेल, तर जोरदार ठिणगीनं ताकदीत जाणवण्याजोगी भर पडत नाही. नवा प्लग टाकल्यावर गाडी पळाल्यासारखी वाटते, कारण जुन्या प्लगच्या काही ठिणग्या वाया जात असतात आणि आपल्याला त्याची सवय झालेली असते.

प्लग निवडताना पहिला प्रश्न असतो तापमानाचा. प्लगचं आतलं टोक साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली गेलं की काजळी जळून जात नाही, साचत जाते. कार्बन विजेचा वाहक असल्यामुळे दाब चढण्याआधीच वीज त्या थरातून झिरपते आणि ठिणगी पडतच नाही. टोक फार तापलं, तर ठिणगीची वाट न पाहता मिश्रण स्वतःच पेटतं. अवेळी झालेल्या या स्फोटांनी पिस्टनला भोकसुद्धा पडू शकतं. हे तापमान ठरतं चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या इन्सुलेटरच्या आतल्या नाकावर. नाक लांब असेल तर उष्णतेला सिलिंडरच्या हेडपर्यंत पोचायला लांबचा रस्ता पडतो आणि टोक गरम राहतं. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तो थंड प्लग. ठिणगीच्या जोराशी या नावांचा संबंध नाही. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं. त्यामुळे गल्लीबोळात सावकाश फिरणाऱ्या स्कूटरला फार थंड प्लग लावला, तर तो काळा पडणारच.

आता नंबरांचा गोंधळ. एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. बॉशच्या आजच्या पद्धतीत उलट, आकडा वाढला की प्लग गरम. म्हणजे बॉशचा ५ नंबर थंडाकडे झुकतो, एनजीकेचा ५ नंबर गरमाकडे. भारतात बॉशचे प्लग ‘मायको’ नावानं घरोघरी पोचले. जुन्या मॅन्युअलमध्ये त्यांचे आकडे तीन अंकी असतात आणि त्या जुन्या पद्धतीत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. त्यातला डब्ल्यू १७५ हा आजच्या डब्ल्यू ७ च्या जवळपासचा. काउंटरवर नुसता आकडा सांगून प्लग मागणाऱ्यांचा घोळ होतो तो इथेच.

दुसरी गोष्ट गॅपची. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिलं, की ठिणगी पडण्यासाठी लागणारा व्होल्टेज वायूचा दाब आणि दोन टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. सपाट रस्त्यावर नीट चालणारी गाडी खंबाटकी घाटात फुल ॲक्सिलरेटर दिल्यावर मिसिंग का मारते, याचं उत्तर या नियमात आहे. ॲक्सिलरेटर पिळला की जास्त मिश्रण आत येतं, सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्याच गॅपसाठी जास्त व्होल्टेज लागतो. सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट आणि थकलेली कॉइल असलेल्या गाडीला तो पुरवणं जमत नाही. अशा गाड्यांचा गॅप साधारण ०.५ ते ०.७ मिलिमीटर असतो. नव्या गाड्यांसाठीचे १ मिलिमीटरच्या आसपास गॅप असलेले प्लग तसेच बसवले, तर चढावर दम तुटतो. प्लग नवा असला तरी फिलर गेज लावून पाहायलाच हवं.

इरिडियमचा खरा फायदाही इथेच दिसतो. हा धातू २४०० अंशांच्याही वर वितळतो, त्यामुळे टोक अगदी बारीक ठेवता येतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये उडी घेते. कमजोर कॉइलच्या गाडीला सकाळी पहिल्या किकला आणि आयडलिंगला याची मदत होते. पण रिंगा घासलेल्या, ऑइल खाणाऱ्या इंजिनात तोही काळा पडतो, आणि तारेच्या ब्रशनं घासला तर त्याचं नाजूक टोक बिघडतं. अशा गाडीला निकेलच्या टोकाचा साधा प्लग वेळेवर बदलत राहणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्यातून उरलेले पैसे कॉइलवर खर्च करावेत.

प्लगच्या आट्यांची लांबीही सारखी नसते, १२.७ आणि १९ मिलिमीटर हे दोन नेहमीचे प्रकार. आखूड आट्यांच्या हेडमध्ये लांब प्लग घातला, तर तो थेट पिस्टनवर आदळू शकतो.

काढलेला प्लग फेकण्याआधी उजेडात धरून पाहा. फिकट तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी दिसली, तर चोक, एअर फिल्टर, कार्ब्युरेटर तपासा. ओलसर तेलकट थर असेल तर ऑइलचं प्रमाण आणि रिंगा. पांढरट टोक म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या कार्ब्युरेटरचं मिश्रण तसंही थोडं पातळ होतं, म्हणून हा रंग आता जास्त लक्ष देऊन पाहायला हवा. नवा प्लग घ्यायला जाताना जुना सोबत न्याच, पण त्याच्यावर विसंबू नका. तोही आधी कुणीतरी चुकीचा बसवलेला असू शकतो. नंबर गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. इंजिन गार असताना आटे हातानं पूर्ण बसेपर्यंत फिरवा आणि मगच पाना लावा. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले, की खर्च प्लगच्या कित्येक पट होतो.