बाहुलीच्या तोंडून

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीस आलं आणि २० तारखेला संतप्त लोकांनी रेल्वे रोखून धरली. पुढे सीसीटीव्हीवर भरपूर बोललं गेलं. बालवाडीतल्या मुलांना काय शिकवायचं, यावर त्यामानाने कमी. ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस’ ही आपली ठरलेली शिकवण अपुरी आहे, कारण केंद्र सरकारच्या २००७च्या पाहणीत निम्मे अत्याचारी मुलांच्या ओळखीतले, विश्वासातले निघाले होते.

चार वर्षांच्या मुलाला व्याख्यान कळत नाही, खेळ कळतो. शिक्षिकेच्या हातातला कापडी ससा विचारतो, “काका म्हणाले, हे कुणाला सांगू नकोस. मला नाही आवडलं. काय करू?” मुलं ओरडतात, “आईला सांग!” सल्ला सशाला मिळतो, सराव मुलांचा होतो. मुलं घाबरतील, असं पालक म्हणतात. रस्ता ओलांडायला शिकवताना ही शंका कुणाला येत नाही. भीती असते ती सांगणाऱ्याच्या आवाजात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एवढ्याशा जिवावर स्वतःच्या रक्षणाची जबाबदारी का टाकायची? टाकायची नाहीच. ससा फक्त तोंड उघडायला मदत करतो. पुढचं काम मोठ्यांचं, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने तर पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. म्हणून बदलापूरजवळच्या उल्हासनगर-अंबरनाथच्या अंगणवाड्यांत हा खेळ मांडताना पालकांनाही समोर बसवावं. मूल बोलू लागलं की ‘काहीतरीच काय!’ म्हणून गप्प न करता ऐकायचं कसं, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन कधी करायचा, हे त्यांनाही शिकावंच लागतं.